टीए बिल परत येऊ नये म्हणून: नागपुरातल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी दौरा, बदली आणि निवृत्तीच्या प्रवासखर्चाचा हिशेब

सेमिनरी हिल्सवरचं सीजीओ कॉम्प्लेक्स असो की सिव्हिल लाइन्समधलं एखादं जुनं कार्यालय, लेखा शाखेच्या टेबलावर परत आलेल्या टीए (प्रवासभत्ता) बिलांचा गठ्ठा असतोच. त्यातली बहुतेक बिलं खरी असतात. कुठे घरून निघाल्याची वेळ भरायची राहिलेली असते, कुठे बदलीच्या आदेशात ‘जनहितार्थ’ हा शब्दच नसतो, कुठे विमानाचं तिकीट थेट कंपनीच्या साइटवरून काढलेलं असतं. पैसे खिशातून केव्हाच गेलेले असतात. मल्टी-टास्किंग स्टाफ किंवा क्लार्कच्या पगारात सामान हलवायचे चाळीस हजार रुपये महिनोन्‌महिने अडकून राहणं म्हणजे घरच्या हप्त्यांची ओढाताण. ती टाळता येते, पण त्यासाठी प्रवास संपल्यावर जागं होऊन चालत नाही. आदेश हातात पडला त्या दिवसापासून कागद जमवावे लागतात.

इथे जे नियम सांगितले आहेत ते केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांचे. सातव्या वेतन आयोगानंतर अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ रोजी काढलेला ओएम (कार्यालयीन ज्ञापन) हा त्यांचा पाया. त्याच्याखाली जुने पूरक नियम, म्हणजे एसआर, अजूनही लागू आहेत. रेल्वे आणि सैन्यदलांची स्वतःची नियमावली आहे. नीरी किंवा कापूस संशोधन संस्था यांसारख्या स्वायत्त संस्थांत साधारण हेच दर चालतात, पण संस्थेने काढलेलं परिपत्रक आधी बघावं.

दौरा: निघण्याआधीची तयारी

दौऱ्याची मंजुरी तोंडी घेऊन निघू नका. फोनवर साहेबांनी ‘जाऊन या’ म्हटलं आणि मंजुरीचा कागद नंतर झाला, तर कागदावरची तारीख प्रवासाच्या नंतरची पडते आणि बिल तिथेच अडतं. अगदीच घाई असेल तर निदान ईमेलवर मान्यता मागवून तिचा प्रिंट फाइलला लावा. मंजुरीत चार गोष्टी हव्यात: कामाचं स्वरूप, कुठून कुठे, कोणत्या तारखांना आणि कोणत्या साधनाने. शेवटची गोष्ट सर्रास राहते. टॅक्सीने जायची परवानगी लिहिलेलीच नसेल तर टॅक्सीची पावती कितीही खरी असली तरी उपयोगाची नाही.

रेल्वेत वेतनाच्या लेव्हल ५ आणि त्याखाली एसी थ्री टियर किंवा एसी चेअर कार, लेव्हल ६ ते ११ ला एसी टू टियर, लेव्हल १२ पासून वर एसी फर्स्ट. खालच्या वर्गाने गेलात तर प्रत्यक्ष भाडं मिळतं, वरच्या वर्गाने गेलात तर तुमच्या हक्काच्या वर्गाइतकंच. तत्काळचा जादा आकार सरकारी कामाच्या प्रवासात मिळतो. काउंटरवरून काढलेल्या तिकिटाची झेरॉक्स निघण्याआधीच काढून ठेवा. ई-तिकीट असेल तर प्रवासी, वर्ग, भाडं आणि पीएनआर दिसणारं पूर्ण पान हवं. मोबाइलवर आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट लेखा शाखा स्वीकारत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही, कारण त्यात भाड्याची फोड नसते.

विमानप्रवासात सर्वात मोठी रक्कम बुडते. सरकारी खर्चाचं विमान तिकीट फक्त तीन संस्थांकडून काढता येतं: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. दिल्लीचं तिकीट एखाद्या खासगी ॲपवर पाचशे रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून तिथून काढलं तर वाचलेले पाचशे राहतात बाजूला आणि अख्खं भाडं अडकतं. १६ जून २०२२ च्या सूचनांप्रमाणे तिकीट शक्यतो २१ दिवस आधी काढायचं, ज्या तीन तासांच्या टप्प्यात जायचं त्यातलं सर्वात स्वस्त भाडं निवडायचं, आणि एका प्रवासासाठी एकच तिकीट ठेवायचं. प्रवासाला ७२ तासांपेक्षा कमी वेळ असताना तिकीट काढलं किंवा २४ तासांपेक्षा कमी वेळ उरला असताना रद्द केलं, तर कारण देणारं स्वतःचं निवेदन जोडायचं. हे निवेदन त्याच दिवशी लिहून ठेवावं. दोन महिन्यांनी ‘तातडीचं काम’ एवढंच आठवतं आणि त्या दोन शब्दांवर आक्षेप येतो. बैठकीची नोटीस उशिरा आली असेल तर नोटिशीचा क्रमांक आणि ती मिळाल्याची तारीख लिहा.

तिकीट काढताना त्या टप्प्यातल्या सगळ्या विमानांची भाडी दिसणारं पान लगेच प्रिंट करा. दुसऱ्या दिवशी तीच भाडी राहत नाहीत, मग स्वस्तातलं तिकीट घेतल्याचं सिद्ध करायला काहीच उरत नाही. बोर्डिंग पास जपून ठेवा. सोनेगाव विमानतळावर उतरल्यावर घाईत तो सीटच्या खिशात राहिला असं फार वेळा होतं, तेव्हा विमानात बसण्याआधीच त्याचा फोटो काढून घ्या.

कार्यालयीन कारणाने दौरा रद्द झाला तर तिकीट रद्द करण्याचा खर्चही मिळतो, फक्त तो सरकारी कामामुळे रद्द झाला असं नियंत्रक अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. ॲडव्हान्स घेतला असेल तर परत आल्यापासून १५ दिवसांत त्याचा हिशेब द्यायचा. इथे उशीर झाला की वसुली पगारातून सुरू होते.

दौऱ्याचा भत्ता: आकडे कसे बसतात

दौऱ्याच्या भत्त्याचे तीन वेगळे तुकडे आहेत आणि तिघांना वेगळे नियम आहेत. २०१७ चे मूळ दर दररोजचे असे:

लेव्हल १४ आणि वर: हॉटेल ७,५०० रुपये, जेवण १,२०० रुपये, शहरात ५० किमीपर्यंत एसी टॅक्सीचा प्रत्यक्ष खर्च.
लेव्हल १२ आणि १३: हॉटेल ४,५००, जेवण १,०००, ५० किमीपर्यंत बिगर-एसी टॅक्सी.
लेव्हल ९ ते ११: हॉटेल २,२५०, जेवण ९००, शहरांतर्गत प्रवास ३३८.
लेव्हल ६ ते ८: हॉटेल ७५०, जेवण ८००, प्रवास २२५.
लेव्हल ५ आणि खाली: हॉटेल ४५०, जेवण ५००, प्रवास ११३.

महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात, असं त्याच ओएममध्ये लिहिलं आहे. १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला. त्यामुळे त्यानंतरच्या प्रवासाला रुपयांतले हे आकडे सव्वाने गुणायचे. जुन्या दराने बिल भरून पैसे सोडणारे कर्मचारी अजूनही भेटतात. कार्यालयातला छापील फॉर्म किंवा एक्सेल शीट जुनी असते, त्यातले दर कोणी बदललेले नसतात, आणि कमी मागितलेली रक्कम लेखा शाखा स्वतःहून वाढवून देत नाही.

जेवणाच्या रकमेला पावती लागत नाही. ती ठोक मिळते, पण मुख्यालयाबाहेर, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणाबाहेर, किती तास होता त्यावर. रात्री बारा ते रात्री बारा असा एकेक दिवस धरायचा. त्या दिवशी ६ तासांपेक्षा कमी बाहेर असाल तर ३० टक्के, ६ ते १२ तास असाल तर ७० टक्के, १२ तासांच्या वर पूर्ण. हे तास मोजायचे ते घरातून किंवा कार्यालयातून निघाल्यापासून तिथे परत पोचेपर्यंत. गाडी सुटायची आणि पोचायची वेळ इथे धरायची नाही, आणि नुकसान होतं ते नेमकं इथेच.

लेव्हल ७ च्या एका कर्मचाऱ्याचा मुंबई दौरा घेऊ. मानेवाड्यातल्या घरून सोमवारी संध्याकाळी ५.४० ला ऑटोने निघाला, गाडी सुटली ६.४५ ला. मंगळवार आणि बुधवार मुंबईत काम. बुधवारी रात्री परतीची गाडी, गुरुवारी ११.३५ ला नागपूर स्टेशन, १२.२० ला घरी. वाढीव दराने जेवणाची रक्कम रोज १,००० रुपये. घरच्या वेळा लिहिल्या तर सोमवारचे ६ तास २० मिनिटं भरतात, म्हणून ७००. मंगळवार-बुधवार १,००० प्रमाणे २,०००. गुरुवारी १२ तास २० मिनिटं, म्हणून पूर्ण १,०००. एकूण ३,७००. याच बिलात गाडीच्या वेळा लिहिल्या तर सोमवारी सव्वापाच तास आणि गुरुवारी ११ तास ३५ मिनिटं होतात. मग हिशेब ३००, २,०००, ७००, एकूण ३,०००. एका रकान्यात सातशे रुपये गेले. यात कुठेही खोटेपणा नाही, वेळ खरीच लिहायची आहे. फक्त घरच्या दारातली लिहायची.

हॉटेलच्या खर्चात एक बारकावा आहे. लेव्हल ८ पर्यंतच्या कर्मचाऱ्याला पावतीशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर मागणी करता येते, पण त्यात राहिल्याच्या तारखा आणि राहिलेल्या जागेचं नाव हवं. एक्स वर्गातल्या शहरांत मात्र त्यांच्यासाठी मर्यादा मूळ १,००० रुपये, म्हणजे वाढ धरून १,२५०, आणि तिथे पावती सक्तीची. मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता आणि अहमदाबाद ही ती आठ शहरं. वरच्या उदाहरणातल्या कर्मचाऱ्याने मंगळवारी रात्री १,९०० रुपयांचं हॉटेल घेतलं तर पावतीवर १,२५० मिळतील, पावती नसेल तर त्याने वाद घालू नये. नातेवाइकांकडे राहिलात तर हॉटेलचा रकाना रिकामा ठेवायचा, जेवणाची रक्कम तरीही मिळते.

खोटी हॉटेल पावती जोडायचा मोह होतो आणि काही ठिकाणी त्या सहज मिळतातही. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. जीएसटी क्रमांक टाकून पडताळणी करायला एक मिनिट लागतं. पाचशे-हजार रुपयांसाठी विभागीय चौकशी ओढवून घेतलेली माणसं पेन्शनपर्यंत ते ओझं वाहतात.

शहरांतर्गत प्रवासाच्या रकमेलाही लेव्हल ८ पर्यंत स्वतःचं प्रमाणपत्र चालतं, पण त्यात तारीख, कुठून कुठे आणि वाहनाचा क्रमांक लिहावा. ऑटोत बसताना नंबरप्लेटचा फोटो घ्यायची सवय लावली की हा प्रश्न कायमचा सुटतो. घर ते नागपूर स्टेशन हा ऑटोखर्च या रकमेत येत नाही, तो रस्त्याचा प्रवास म्हणून वेगळा मांडायचा. राज्याच्या परिवहन यंत्रणेने दर ठरवलेला असेल तो लागू होतो. दर ठरलेला नसेल तिथे टॅक्सी किंवा स्वतःच्या कारला किलोमीटरला २४ रुपये आणि ऑटो-स्कूटरला १२ रुपये हे मूळ दर, त्यांनाही तीच सव्वापट.

जवळच्या कामांबद्दल दोन ओळी. कामाच्या नेहमीच्या जागेपासून ८ किमीच्या आत राहिलात तर दैनिक भत्ता नाही, म्हणून धरमपेठहून सदरला गेल्याचा भत्ता मागू नका. दौऱ्यावर असताना किरकोळ रजा घेतली तर त्या दिवसाचा भत्ता सोडायचा. शनिवार-रविवार मात्र खरोखर मुक्कामी असाल तर मिळतो.

बदली: आदेश वाचल्याशिवाय सामान बांधू नका

बदलीचा आदेश आला की पहिली पाच मिनिटं त्याची भाषा वाचण्यात घालवा. ‘जनहितार्थ’ किंवा ‘प्रशासकीय कारणास्तव’ असेल तर प्रवासखर्च आहे. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असेल तर नाही, आणि रुजू होण्याचा पगारी कालावधीही नाही. काही आदेशांत दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नसतं. असा आदेश घेऊन कार्यमुक्त झालात तर नवं कार्यालय जुन्या कार्यालयाला पत्र लिहितं, जुनं कार्यालय आस्थापना शाखेकडे बोट दाखवतं आणि बिल मध्येच लटकतं. म्हणून कार्यमुक्त होण्याआधी शुद्धिपत्र मागा. त्या वेळी ते दोन दिवसांत निघतं, नंतर दोन महिने लागतात. तुम्ही कधीकाळी विनंतीअर्ज दिला होता, पण बदली प्रत्यक्षात रिक्त पदामुळे प्रशासनाने केली, अशीही प्रकरणं असतात. तिथे तर ही ओळ स्पष्ट असायलाच हवी.

बदलीचं बिल नवं कार्यालय देतं. ॲडव्हान्स जुन्या कार्यालयातून घेतला असेल तर त्याची नोंद एलपीसीवर, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या प्रमाणपत्रावर, आलीच पाहिजे. ती राहिली तर नवं कार्यालय पूर्ण रक्कम देतं आणि पुढे लेखापरीक्षणात दुहेरी देयक म्हणून निघतं. वसुलीची नोटीस तुमच्या नावे येते.

पैसे चार भागांत येतात: प्रवासभाडं, एकत्रित बदली व बांधाबांध अनुदान म्हणजे सीटीजी, सामानाची वाहतूक, आणि गाडीची वाहतूक.

सीटीजी हे शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के. त्यात महागाई भत्ता धरायचा नाही, डॉक्टरांचा एनपीए, म्हणजे खासगी व्यवसाय न करण्याबद्दलचा भत्ताही नाही. दोन ठिकाणांमधलं अंतर किमान २० किमी हवं. त्याहून कमी असेल किंवा बदली शहरातल्या शहरात असेल, तर एक तृतीयांश मिळतं, तेही घर खरोखर बदललं तरच. नागपूरहून कामठीला बदली झाली आणि तुम्ही जुन्याच घरातून ये-जा करता, तर सीटीजी नाही. नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारात असतील आणि दोघांची एकाच ठिकाणी बदली ६० दिवसांच्या आत झाली, तर मागून बदललेल्याला सीटीजी नाही. ६० दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आत झाली तर त्याला निम्मं. हे लपवलं तर दोन्ही कार्यालयांच्या पगारपत्रकांवरून उघडं पडतं, त्यामुळे बिलाच्या पत्रातच जोडीदाराच्या बदलीची तारीख लिहून टाकावी.

सामानासाठी लेव्हल ६ पासून वर ६,००० किलोपर्यंत, लेव्हल ५ ला ३,००० आणि लेव्हल ४ व खाली १,५०० किलो. रस्त्याने नेल्यास मूळ दर किलोमीटरला अनुक्रमे ५०, २५ आणि १५ रुपये, सव्वापट केल्यावर ६२.५०, ३१.२५ आणि १८.७५. प्रत्यक्ष खर्च आणि हा हिशेब, यातली कमी रक्कम मिळते.

नागपूरहून पुण्याला बदली झालेला लेव्हल ७ चा कर्मचारी घ्या, मूळ वेतन ५६,९०० रुपये. सीटीजी ४५,५२० रुपये. रस्त्याचं अंतर ७२० किमी धरलं तर सामानाची मर्यादा ७२० गुणिले ६२.५०, म्हणजे ४५,०००. ट्रकवाल्याचं बिल ३८,००० झालं तर मिळणार ३८,०००. बिल ५२,००० झालं तर ४५,०००. वरचे सात हजार खिशातून, सीटीजीमधून ते भागवायचे. म्हणून ट्रान्सपोर्टरशी दर ठरवण्याआधी आपली मर्यादा काढा, मग बोलणी करा.

ट्रान्सपोर्टरकडून काय घ्यायचं हे सामान चढायच्या आधीच सांगून ठेवा. नंतर तो फोन उचलत नाही. वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात जाऊन गाडी ठरवली तर बिल्टी मिळते, पण पॅकर्स-मूव्हर्सच्या नावाने फोनवरून ठरवलेल्या गाड्यांत अनेकदा फक्त कोटेशनचा कागद देतात. कोटेशन म्हणजे पावती नव्हे. तुम्हाला हवी ती बिल्टी: तिच्यावर क्रमांक, तारीख, ट्रकचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, सामानाचं वर्णन, वजन आणि भाडं. वेगळी पैसे मिळाल्याची पावती, तीवर जीएसटी क्रमांक असल्यास उत्तमच. शक्य असेल तर धर्मकाट्याची वजनपावती, कारण वजनाच्या मर्यादेवर शंका घेतली गेली तर तोच एक पुरावा उरतो. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिलेल्या चाळीस हजारांवर प्रश्न विचारला जाणारच. ‘घरगुती सामान’ एवढंच लिहिलेल्या बिल्टीवरही आक्षेप येतो. पलंग, कपाट, फ्रिज, पुस्तकांची खोकी अशी दहा ओळींची यादी सहीसकट जोडून टाका.

बिल्टीवरची तारीख कार्यमुक्तीच्या आधीची असेल तर स्पष्टीकरण द्यावं लागतं. आदेश निघाल्यानंतर आणि कार्यमुक्त व्हायच्या आधी सामान पाठवणं चुकीचं नाही. पण आदेशाच्याही आधीची तारीख दिसली तर दावा टिकत नाही.

गाडीच्या बाबतीत लेव्हल ६ पासून वर एक कार किंवा एक दुचाकी, लेव्हल ५ आणि खाली एक दुचाकी. ज्या ठिकाणांमध्ये रेल्वे आहे तिथे गाडी रस्त्याने नेली तरी प्रवासी गाडीच्या पार्सल दराची मर्यादा लावली जाते. म्हणून नागपूर स्टेशनच्या पार्सल कार्यालयातून तो दर आधीच लेखी घ्या किंवा दरपत्रकाची प्रत जोडा. आरसी बुक तुमच्या किंवा कुटुंबातल्या सदस्याच्या नावावर असावं. मित्राच्या नावावरची स्कूटर बिलात येत नाही.

कुटुंब मागून येणार असेल तेव्हा

कुटुंबातली माणसं तुमच्या आधी एक महिन्यापर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांपर्यंत गेली तर तुमच्यासोबत गेल्यासारखी धरतात. नागपुरातल्या घरांत हा सहा महिन्यांचा नियम शाळेच्या वेळापत्रकाशी भांडतो. बदली ऑगस्टमध्ये झाली तर सहा महिने फेब्रुवारीत संपतात आणि मुलांची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असते. अशा वेळी मुदत संपायच्या आधी सक्षम अधिकाऱ्याकडे मुदतवाढ मागावी. अर्जासोबत शाळेचं बोनाफाइड आणि परीक्षेचं वेळापत्रक जोडावं. मुदत उलटल्यावर केलेला अर्ज पूर्वलक्षी मंजुरीचा होतो आणि त्याला वेळ लागतो. त्या काळात घरातलं मोठं सामान मागेच राहणार असेल तर वाहतुकीचंही नियोजन तसंच ठेवा.

आई-वडील अवलंबित म्हणून दाखवायचे तर त्यांचं सर्व मार्गांनी येणारं उत्पन्न, पेन्शनसह, महिन्याला ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई दिलासा यापेक्षा जास्त नसावं. ते तुमच्या सेवापुस्तकातल्या कुटुंब तपशिलात आहेत का, ते एकदा तपासा. तिथे नाव नसेल तर बिल अडणारच, आणि नाव घालायचं काम बदलीच्या धावपळीत करण्यापेक्षा आज करणं सोपं आहे.

रुजू होण्याचा कालावधी वेगळा मोजतात: १,००० किमीपर्यंत १० दिवस, २,००० पर्यंत १२ दिवस, त्यापुढे १५ दिवस. न वापरलेले दिवस अर्जित रजेत जमा होतात. बरेच जण लगेच रुजू होतात आणि हे दिवस मागायचेच विसरतात.

निवृत्तीनंतर

निवृत्त होऊन दुसऱ्या गावी स्थायिक होणाऱ्याला प्रवासभाडं, सामान, गाडी आणि सीटीजी हे सगळं बदलीसारखंच मिळतं. प्रवास निवृत्तीपासून एका वर्षाच्या आत करायचा. पूर्वी शेवटच्या नोकरीच्या गावातच राहणाऱ्याला एक तृतीयांश सीटीजीवर समाधान मानावं लागे. ६ जानेवारी २०२२ च्या ओएमने ते बदललं. आता त्याच गावात किंवा २० किमीच्या आत स्थायिक झालात तरी पूर्ण सीटीजी मिळतं, अट एवढीच की घर खरोखर बदललेलं असावं.

सेमिनरी हिल्स किंवा काटोल रोडच्या सरकारी क्वार्टरमधून बेसा, मनीषनगरच्या स्वतःच्या घरात जाणाऱ्यांसाठी हा मोठाच दिलासा आहे आणि तो माहीत नसल्यामुळे मागणीच न केलेले लोक आहेत. क्वार्टर सोडल्याचा दाखला, नव्या पत्त्याचं वीजबिल किंवा कर पावती आणि घर बदलल्याचं स्वतःचं निवेदन, एवढे कागद लावले की काम होतं. जो आधीपासूनच स्वतःच्या घरात राहत होता आणि तिथेच राहिला, त्याला मात्र हे मिळत नाही.

मुदत: ६० दिवस म्हणजे नक्की किती

दौरा, बदली आणि प्रशिक्षण यांचं बिल प्रवास संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६० दिवसांत द्यायचं. आधी ही मुदत एक वर्षाची होती, १३ मार्च २०१८ च्या ओएमने ती ६० दिवस केली. निवृत्तीच्या बिलाला १५ जून २०२१ पासून १८० दिवस आहेत. एलटीसीचे (रजा प्रवास सवलतीचे) नियम पूर्ण वेगळे: ॲडव्हान्स घेतला असेल तर एक महिना, नसेल तर तीन महिने. या तीन मुदतींची सरमिसळ करून बिल बुडवलेली माणसं प्रत्येक कार्यालयात आहेत.

४ डिसेंबरला घरी परतलात तर ५ डिसेंबर हा पहिला दिवस आणि २ फेब्रुवारी हा साठावा. तो रविवार असो की सुट्टी, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. बिल दिल्याची पोच, म्हणजे आवक क्रमांक आणि तारीख, स्वतःच्या प्रतीवर घ्या. मुदत पाळल्याचा एकमेव पुरावा तो. डीडीओकडून (आहरण व संवितरण अधिकारी) बिल त्रुटीसाठी परत आलं आणि दुरुस्तीत साठ दिवस उलटले, तर पहिल्या सादरीकरणाचा आवक क्रमांकच तुम्हाला तारतो. ई-एचआरएमएस किंवा ई-बिलवर भरत असाल तर सादर झाल्याचं पान सेव्ह करा. ‘ड्राफ्ट’ मध्ये राहिलेलं बिल सादर झालेलं नसतं, आणि पडद्यावर ते फारसं वेगळं दिसत नाही. मुदत गेलीच तर उशिराचं कारण, पुरावे आणि सक्षम अधिकाऱ्याची सूट लागते. ती मिळेलच असं गृहीत धरून बसू नये.

आक्षेप आल्यावर

बिलाचा प्रवास असा असतो: तुम्ही, नियंत्रक अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, डीडीओ, तिथून वेतन व लेखा कार्यालय, मग पीएफएमएस या सरकारी देयक प्रणालीतून खात्यात रक्कम. आक्षेप कुठल्या पायरीवर आला ते आधी समजून घ्या. प्रतिस्वाक्षरी राहिली असेल तर लेखा कार्यालयात चकरा मारून काही होत नाही. बँक खात्याचा तपशील जुळत नसल्याने पैसे परत गेले असतील तर नियमांचा वाद घालायचं कारणच नाही, खात्याचा तपशील दुरुस्त करून घ्या.

आक्षेप लेखी मागा आणि त्यात नियमाचा किंवा ओएमचा उल्लेख असावा असा आग्रह धरा, नम्रपणे. ‘नियमानुसार नाही’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. उत्तर मुद्देसूद लिहा: आक्षेप क्रमांक एक, त्याचं उत्तर, त्याला जोडलेला कागद, मग दोन. दहा ओळींचं तक्रारवजा पत्र वाचायला कोणाला वेळ नसतो. रक्कम कापून पास केली असेल तर मान्य झालेली रक्कम घ्या आणि उरलेल्यासाठी निवेदन द्या. पूर्ण रकमेच्या हट्टात सगळंच अडकवू नका.

निवेदनाला उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून फाइलची टिपणी मागता येते, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती ते त्यात दिसतं, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच ती हलते. कार्यालयाने लेखी नकार दिला आणि तो चुकीचा आहे असं वाटत असेल, तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं. अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. निवेदनाला सहा महिने उत्तर नसेल तर त्या सहा महिन्यांनंतरचं एक वर्ष धरतात. त्यासाठी मुंबईला धावायची गरज नाही, मुंबई खंडपीठाचं कामकाज नागपुरातही चालतं. तिथे जायची वेळ आली तर आवक क्रमांकासह ठेवलेली तुमची प्रत हीच फाइलमधली पहिली गोष्ट असेल.

राज्य कर्मचाऱ्यांसाठी

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून येणारे मंत्रालयातले कर्मचारी आणि नागपूरचे जिल्हा परिषद किंवा महसुली कर्मचारी यांना वरचे दर लागू नाहीत. त्यांचा आधार मुंबई नागरी सेवा नियम १९५९ आणि वित्त विभागाचे शासन निर्णय. बिल कोषागारातून जातं, आणि बीडीएस या निधी वितरण प्रणालीवर प्रवासखर्चाच्या लेखाशीर्षात तरतूद शिल्लक नसेल तर बिल बरोबर असूनही थांबतं. म्हणून त्यांनी मार्चअखेरची वाट न पाहता, बिल देतानाच आस्थापना लिपिकाकडे प्रवासखर्चाच्या शीर्षातली शिल्लक विचारून घ्यावी.